हायब्रिडचं खरं ॲव्हरेज काढायचं तर आधी वही घ्या

पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकांनी नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी, घेतली आणि आठवड्याच्या आत मला पार्किंगमध्ये गाठलं. मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो: 32.4. "कंपनी अठ्ठावीस म्हणते, आपल्याला बत्तीस देतेय!"

"काका, कुठून कुठपर्यंत?"

"चांदणी चौकातून घरी. ट्रिप शून्य केली होती."

म्हणजे चार किलोमीटर, सगळा उतार, आणि इंजिन आधीच तापलेलं. उलट दिशेने शून्य करून चढले असते तर काकांनी फोटो काढलाच नसता.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. तीन वर्षं हायब्रिड चालवते आणि ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवते. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढे तीनच रकाने. पावतीवर भरवसा ठेवू नका, गाडीच्या उष्णतेने ती महिन्याभरात कोरी होते.

आता रीत. टाकी पाव उरली की नेहमीच्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला जा. शून्य बघा, "फुल, ऑटो कटपर्यंत" असं सांगा आणि पहिल्या कटला थांबवा. "राउंड करू का मॅडम?" हा प्रश्न येणारच. नको म्हणा. कटच्या पुढे कोंबलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरपर्यंत गेलं तर तो खराब होतो, शिवाय आपला हिशेब बिघडतो. किलोमीटर लिहून घ्या. पुढच्या वेळी पुन्हा कटपर्यंत भरलं की मधले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. माझी परवाची नोंद: 612 किलोमीटर, 28.4 लिटर, म्हणजे 21.5. स्क्रीन 22.9 म्हणत होती.

कट दरवेळी त्याच पातळीला पडत नाही. अर्ध्या लिटरचा फरक 8 लिटर भरताना सहा टक्क्यांचा होतो, 28 लिटरला दोनाचाही नाही. म्हणून थोडं थोडं भरून ॲव्हरेज काढू नये, आणि एका टाकीवरून तर काहीच ठरवू नये. निदान पाच टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार. इथे भलेभले चुकतात: 10 लिटरला 24 मिळाले, 30 लिटरला 18, तर सरासरी 21 नव्हे. 240 अधिक 540 भागिले 40, म्हणजे 19.5.

मीटरही तपासा. एक्स्प्रेसवेच्या किलोमीटरच्या पाट्यांशी मी ताडून पाहिलं, 50 किलोमीटरला माझा ट्रिप मीटर 50.7 दाखवतो. तेवढं वजा करा.

मग कंपनीचा कागदावरचा आकडा खोटा का? नाही. आम्ही सकाळी फिरायला जातो त्या टेकडीला अख्खं कोथरूड एआरएआयची टेकडी म्हणतं, कारण गाड्यांच्या चाचण्या घेणारी ती संस्था तिथेच आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या चालीने वीस मिनिटांहून थोडा कमी वेळ चालवतात. वेग 90 च्या वर जात नाही, एसी बंद, चढ नाही, खड्डा नाही, करिश्मा चौकातली रिक्षा नाही. धुरातल्या कार्बनवरून इंधन मोजतात. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा (नुसत्या बॅटरीवरही काही अंतर जाणाऱ्या) 27.97 हा आकडा अशाच चाचणीचा. दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला तो उत्तम आहे. महिन्याचा पेट्रोलखर्च त्यावरून मांडू नका.

फरक कुठे पडतो ते वहीत चौथा रकाना करून बघा: त्या टाकीत गाडी फिरली कुठे. माझ्याकडे सगळ्यात वाईट टाकी एक्स्प्रेसवेची नाही, भाजी-क्लास-बँक अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांची आहे. गार इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापवायला गाडी इंजिन चालू ठेवते आणि ते तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. चार कामं एका फेरीत उरका. सगळ्यात चांगली टाकी हिंजवडीच्या रखडणाऱ्या ट्रॅफिकची, कारण तिथे इंजिन बराच वेळ बंद असतं. एप्रिलमध्ये तेही सुख कमी होतं. एसी बॅटरीवर चालतो, ती उतरली की इंजिन पुन्हा सुरू. हायवेला 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि हायब्रिड ब्रेक लावताना बॅटरी भरून घेते, पण इथे ब्रेक लागतच नसल्याने परत मिळवायला काही उरत नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे हेही धरा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

घाटाबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज असतो. "चढताना जळालं ते उतरताना परत." लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी पाचशे मीटरच्या वर उंची सोडते. माणसं-सामानासकट दीड टन धरले तर ही ऊर्जा दोन युनिट भरते. त्यातली काही हवेत आणि टायरांत जाते, तरी उरते ती बॅटरीत मावत नाही, कारण या गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटची आणि तीही पूर्ण वापरली जात नाही. ती भरली की उतारावर इंजिन एकदम घुमायला लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बिघडली म्हणून मी कडेला घ्यायला निघाले होते. तसं काही नसतं, जास्तीची ऊर्जा इंजिन फिरवण्यात घालवून गाडी वेग आवरते, ब्रेक वाचतात.

काकांना मी वही आणून दिली. तिसऱ्याच नोंदीला त्यांनी पंपावर राउंड करून घेतलं आणि ओळ खोडून टाकली. खोडायची नसते. लिटर बेरजेत राहू द्यायचे, पुढच्या ऑटो कटला हिशेब आपोआप जुळतो. सध्या त्यांचं एकत्रित ॲव्हरेज 20.8 वर आहे. 32.4 चा फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीवर अजून आहे.