बक्षीस मिळालेल्या पुस्तकांतून मुलांसाठी पुस्तकं कशी निवडावीत

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत मुलं आजीशी मराठीत बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात. वाचायला मात्र ज्या भाषेचा सराव जास्त, तीच हातात घेतात. मंडळाच्या खोलीत रविवारी मुलांचं वाचन मी घेते, कपाटासाठी पुस्तकंही मीच आणते. वर्गणीतून थोडे पैसे बाजूला निघाले की कोणीतरी हमखास म्हणतं, "काकू, बक्षीस मिळालेलीच घेऊन टाका ना, डोक्याला ताप नाही." पण बक्षीस कोणी, कोणाला आणि कशासाठी दिलं हे कळल्याशिवाय त्या यादीचा काही उपयोग नाही.

म्हणून यादीच्या आधी पुरस्काराचा नियम वाचायचा. अमेरिकेतला कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार १९७० पासून दिला जातो. तो आफ्रिकन-अमेरिकन लेखक आणि चित्रकारांसाठीच आहे. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लेखक-चित्रकारांसाठीचा पुरा बेलप्रे पुरस्कार १९९६ पासूनचा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या पहिल्या लॅटिना ग्रंथपालाचं नाव त्याला दिलंय. श्नायडर फॅमिली पुरस्कार २००४ मध्ये सुरू झाला. तो अपंगत्वाचा अनुभव नीट मांडणाऱ्या पुस्तकाला मिळतो, लेखक स्वतः अपंग असलाच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे पहिले दोन आधी लिहिणारा कोण ते विचारतात, तिसरा लिहिलंय काय ते पाहतो. कपाटात दोन्ही तऱ्हेची पुस्तकं हवीत, पण एकाला दुसऱ्याच्या जागी बसवू नका.

"वेगळे पुरस्कार कशाला, चांगलं ते चांगलं" असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांना मी १९८५ चा आकडा सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलांच्या पुस्तकांच्या केंद्राने त्या वर्षीची पुस्तकं मोजली. अमेरिकेत निघालेल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८! केंद्राच्या तेव्हाच्या संचालिका कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराच्या समितीवर होत्या, त्यातून ही मोजणी सुरू झाली. निवडायला पुस्तकंच नसतील तर "चांगलं ते चांगलं" कशाला लावणार?

आता आपल्याकडचं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून चोवीस भाषांत दिला जातो, त्यात संथाळी, बोडो, डोगरीही आल्या. इथली विविधता भाषांची आहे, आणि मला ती मोलाची वाटते. अडचण एवढीच, की संथाळीतलं पुस्तक आपल्या मुलांपर्यंत अनुवादाशिवाय पोचत नाही. अकादमीच्याच युवा पुरस्काराशी मात्र घोटाळा करू नका. तो पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी आहे. कुमारवयीन वाचकांशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्या यादीतलं पुस्तक नववीतल्या मुलीच्या हातात द्यायचं तर आधी स्वतः वाचून घ्या.

मराठीसाठी सुरुवात सोपी आहे. टाटा ट्रस्ट्सचा बिग लिटल बुक पुरस्कार लेखकांसाठी दर वर्षी एक भारतीय भाषा निवडायचा. २०१६ मध्ये पहिलीच पाळी मराठीची आली आणि तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. त्यांची पुस्तकं आमच्याकडे मुलं हातोहात पळवतात, त्यामुळे प्रती जास्तच घ्याव्यात.

पण इंदूरकरांना खरा आधार 'पराग ऑनर लिस्ट'चा. २०२० पासून मुलांच्या हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांची ही निवडक यादी निघते. लिपी एकच असल्यामुळे आमची मुलं हिंदी भराभर वाचतात, आणि यादीतले बरेच प्रकाशक तर शेजारचे, भोपाळचेच. तिथलं एकलव्य सगळ्यांना माहीत असतं. 'मुस्कान'चं नाव मात्र इकडे फारसं कोणी घेत नाही. ही संस्था शहरातल्या वस्त्यांमधल्या, विमुक्त जमातींच्या मुलांबरोबर काम करते आणि पुस्तकंही काढते. अमेरिकेच्या याद्या चाळण्याआधी इथे पाहा, पैसेही वाचतील.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठावरचा शिक्का विसरा आणि चित्रं पाहा. अपंग मूल चित्राच्या मध्ये आहे की कोपऱ्यात? गोष्टीत ते काही ठरवतं का, की बाकीच्यांना चांगुलपणा दाखवता यावा म्हणून त्याला आणलंय? मग शेवटची चार पानं वाचा. तिथे पाय अचानक बरा झाला, किंवा आदिवासी पोराला शहरातल्या साहेबाने शहाणं केलं, तर मी पुस्तक परत ठेवते, बक्षीस कितीही मोठं असो. त्यानंतर मधलं एक पान मोठ्याने वाचायचं. गरीब पात्राच्या तोंडीच तेवढी मोडकी भाषा आणि बाकी सगळे पुस्तकी बोलतात, असं असेल तर ते कानाला लगेच खटकतं. आमच्या वाचनात सातवीतली एक मुलगी आहे, तिला हे माझ्याआधी कळतं. म्हणून निवडताना एखादं मूल शेजारी बसवा.

विजेत्या पुस्तकावरच थांबू नका. त्याच्याबरोबर सन्मान मिळालेली किंवा अंतिम यादीतली पुस्तकंही बघा. विजेतं एकच असतं आणि ते तुमच्या मुलांच्या वयाचं असेलच असं नाही.

खरेदीला इंदूरच्या पुस्तकबाजारात, खजुरी बाजारात, जाणार असाल तर नुसतं नाव सांगून भागत नाही. शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत "भैया, बच्चों की कहानी की किताब" म्हटलं की तीच ती पंचतंत्रं पुढे येतात. चिठ्ठीवर प्रकाशक, लेखक आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, लिहून न्या. शाळा उघडायच्या तोंडावर मुळीच जाऊ नका, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. मिळालं नाही तर प्रकाशकाकडून थेट मागवा, आणि दोन-तीन घरांनी मिळून मागवा, म्हणजे टपालखर्च वाटला जातो.