न्यूयॉर्क गेलं किर्गिझस्तानात

फ्लाइट डिस्पॅच, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करायचं काम, शिकायला लागलो तेव्हा पहिला सराव मिळाला लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफकेचा. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्या, अंतर काढा. एक्सेलमध्ये सूत्र टाकलं आणि उत्तर आलं 3,022 नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल 1.852 किलोमीटर). प्रत्यक्षात ते साधारण 2,990. एवढा फरक चालायचा, म्हणून मी पुढे सरकलो.

मग सुरुवातीची दिशा काढली (उत्तर शून्य, पूर्व 90, पश्चिम 270) तर 72 अंश, म्हणजे चक्क पूर्व! अटलांटिक ओलांडायचा तर 288 च्या आसपास हवी. चूक इतकीच होती की जेएफकेचा रेखांश 73.78 पश्चिम, आणि मी उणे चिन्ह विसरलो होतो. माझं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन पडलं होतं. लंडन शून्य रेखांशाला जवळजवळ खेटून असल्यामुळे दोन्ही बाजूंचं अंतर सारखंच येतं, म्हणून चूक लपली. अंशांचं रेडियन (कोनाचं दुसरं एकक, एक्सेलच्या सूत्रांना तेच लागतं) करायला विसरलात तर भलतंच उत्तर येतं आणि लगेच कळतं. चिन्हाची चूक मात्र गप्प बसते. तेव्हापासून मी अंतराबरोबर दिशाही काढतोच.

सपाट नकाशावर पट्टी ठेवायची सवय मात्र आधी मोडा. 60 अंश उत्तरेवर, बरोबर समोरासमोरच्या रेखांशांवर दोन ठिकाणं घ्या. अक्षांश धरून गेलात तर 5,400 नॉटिकल मैल, ध्रुवावरून गेलात तर 3,600. ग्रेट सर्कल (गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग) म्हणजे काय, हे मला व्याख्येपेक्षा या एका गणिताने कळलं. (ग्रेट सर्कलवरचा एक अंश म्हणजे 60 नॉटिकल मैल.)

आता वेळ. ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेच्या तुलनेत विमानाचा वेग, 480 नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) धरला तर वारा नसताना 2,990 नॉटिकल मैलांना सव्वासहा तास लागतात. पण वर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सरासरी 80 नॉटचा वारा धरा. लंडनकडे येताना ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, 560, वेळ 5 तास 20 मिनिटं. उलट जाताना 400, म्हणजे जवळपास साडेसात तास. मला वाटायचं, जाता-येता हिशेब फिटतो. फिटत नाही. दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे 20 मिनिटं जास्तच जातात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

यात टॅक्सी, चढण, उतरण धरलेली नाही. तिकिटावर दिसतो तो ब्लॉक टाइम, गेटपासून गेटपर्यंतचा. शिवाय विमान सरळ ग्रेट सर्कलवरूनही क्वचितच जातं: वारा, बंद हवाई हद्दी, दोन इंजिनांच्या विमानाला पर्यायी विमानतळापासून किती दूर जाता येतं याचे नियम, सगळं आडवं येतं.

पोहोचण्याची स्थानिक वेळ काढताना आधी सगळं यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) करा, शेवटी बदला. लंडन-न्यूयॉर्क फरक एरवी पाच तासांचा. पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत तो चारच तासांचा असतो, आणि माझा दुसरा सराव नेमका मार्चातल्या त्याच दिवसांतला होता.