जिममध्ये छोटी बॅच कशी चालवावी

छोटी बॅच म्हणजे चार ते सहा जण, फार तर आठ. त्यापुढे गेलात की ट्रेनर नुसते आकडे मोजत उभा राहतो. मग लोकांनी जास्तीची फी कशाला भरायची?

आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. बीपी, शुगर, जुनं दुखणं, चालू औषधं लिहून घ्या. व्यायाम करताना छातीत दुखतं किंवा चक्कर येते असं कुणी सांगितलं, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्यांना बॅचमध्ये घेऊ नका. इथे भीड अजिबात नको.

वार आणि वेळ पक्के ठरवा. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा एक कोपरा राखून डंबेल्स, मॅट आधीच मांडून ठेवा.

आता खरं काम. व्यायाम सगळ्यांना एकच द्या, पण पायऱ्या वेगळ्या. स्क्वॉट घ्या: गुडघे दुखणाऱ्या काकूंना बाकावर बसून उठू द्या, नवख्या मुलाला छातीशी हलकं डंबेल धरायला द्या, सरावलेल्याला बारबेल. सगळे एकाच वेळी स्क्वॉट करत असले की तुमची नजरही एकाच गोष्टीवर राहते. समोर उभे राहिलात तर गुडघे आत वळताना दिसतील. टाच उचलली जातेय का आणि पाठ वाकतेय का, ते बाजूनेच कळतं. म्हणून फिरत राहा. जोड्या लावल्या तर एक करतो, दुसरा बघतो, आणि सामानही पुरतं.

वजन किती द्यायचं? सेट संपल्यावर विचारा, ‘अजून किती स्क्वॉट जमले असते?’ दोन-तीन म्हणाले तर वजन बरोबर आहे. सहा म्हणाले तर पुढच्या सेटला थोडं वाढवा. प्रत्येकाचं वजन वहीत टिपा.

तबाताची घाई करू नका. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती हा प्रकार जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या शोधनिबंधामुळे गाजला. पण तो अभ्यास सायकलवर, तरुण आणि व्यायामाची सवय असलेल्या मुलांवर झाला होता. पहिल्या आठवड्यात आलेल्या माणसाला तो दिला, तर दुसऱ्या आठवड्यात तो येईलच याची खात्री नाही.

कुणी आलं नाही तर त्याच दिवशी फोन करा. गणपती-दिवाळीत खंड पडतोच. परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस वजन उतरवून द्या आणि सेटही एक कमी ठेवा.