वावरातले सेन्सर दहा दिवसांत बंद पडतात? या चुका टाळा

रोही आणि रानडुकरं ओळखणारे सेन्सर धुऱ्यावर नीट चालले, तर घरच्या माणसाची रात्रभराची जागल वाचते. म्हणून हे काम मला फार जवळचं वाटतं. दारव्ह्याकडच्या एका तुरीच्या वावरात आम्ही नऊ नोड, म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेले छोटे संच, बसवले. दहाव्या दिवशी सगळे गप्प. सेल काढून मीटर लावला, तर रिकामे. चार्ज सेन्सरने नाही, रेडिओने संपवला होता.

निरोप चुकू नये म्हणून आम्ही नोडचा लोरा रेडिओ (थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा) सतत ऐकत ठेवला होता. नुसतं ऐकतानाही तो 10-12 मिलिअँपिअर ओढतो. 2600 मिलिअँपिअर-अवरचा सेल त्यात दहा दिवस कसाबसा पुरतो. ऐकायचं काम गोठ्यावरच्या गेटवेचं, म्हणजे सगळ्या नोडचे निरोप घेणाऱ्या यंत्राचं, त्याला वीज किंवा सोलर असतं. नोडने झोपावं आणि सेन्सरने उठवलं तरच बोलावं. बोर्डावरचा सतत पेटणारा एलईडीही काढून टाका.

दर मिनिटाला रीडिंग पाठवणं ही दुसरी चूक. गेटवेला आकडे नकोत, 'काहीतरी आलं' एवढंच हवं, आणि ते एका बाइटात मावतं. निरोप नाही म्हणजे जनावर नाही. पण मेलेला नोडही गप्पच असतो! म्हणून दिवसातून दोनदा बॅटरीच्या व्होल्टेजसह हजेरी घ्या.

रेंज कमी पडली की लोक सरळ स्प्रेडिंग फॅक्टर 12 करतात. हा लोराच्या सेटिंगमधला आकडा, तो वाढवला की निरोप लांब जातो पण हळू जातो. 125 किलोहर्ट्झवर 10 बाइटचा निरोप 7 वर सुमारे 41 मिलिसेकंदांत जातो, 12 वर जवळजवळ 1 सेकंद घेतो. म्हणजे चोवीसपट वेळ, तेवढाच खर्च. आधी अँटेना बघा. ऑगस्टात गुडघ्याएवढी असलेली तूर दिवाळीपर्यंत डोक्यावर जाते आणि अँटेना पानांत बुडतो. बांबू बांधून तो पिकाच्या वर काढा.

खोटे इशारे टाळायला 'तिनातले दोन नोड बोलले तरच भोंगा' हा नियम चांगला आहे, पण प्रत्येक नोड वेगवेगळ्या कारणाने चुकत असेल तरच. वारा सुटला की तिघांसमोरच्या फांद्या एकदमच हलतात, तिघंही एकदमच चुकतात, मग मतदान काय कामाचं? पीआयआरचं, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचं, तोंड पिकाकडे नको, मोकळ्या धुऱ्याच्या लांबीने ठेवा. नंतर वाऱ्याची एक संध्याकाळ निवडून, वावरात कोणी नसताना, किती निरोप येतात ते वहीत मांडा. त्या आकड्यावरूनच सेन्सरची संवेदनशीलता ठरवा.