पुढे मऊ, मागे टणक: एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) टायरचं रबर कसं निवडायचं

परवा भाच्याने विचारलं, मामा नवे टायर घ्यायचेत, सगळ्यात जास्त ग्रिपवाले सांग ना. मी त्याला आधी एकच विचारलं, तुझे किलोमीटर जातात कुठे? आपण इंदूरवाले रविवारी पहाटे निघतो, पातालपाणी असो, जानापाव असो की खंडवा रोडने चोरल, खरी ट्रेल, म्हणजे कच्ची वाट, लागायच्या आधी पंचवीस-तीस किलोमीटर डांबरच तुडवावं लागतं आणि परतताना पुन्हा तेवढंच. म्हणजे टायर झिजतो तो रस्त्यावर, आणि रबर निवडताना हेच आपण विसरतो.

मऊ रबर खडकाच्या बारीक खडबडीत भागांत शिरतं आणि दाबलं की सावकाश परत उठतं, म्हणून धरून ठेवतं. पण त्याच सावकाशपणामुळे पेडलची ताकद खातं आणि डांबरावर तर अक्षरशः खोडरबरासारखं झिजतं. टणक रबराचं बरोबर उलटं. मऊपणा शोअर ए नावाच्या मापात मोजतात, आकडा जितका कमी तितकं रबर मऊ, मॅक्सिस या टायर कंपनीचं सुपर टॅकी रबर 42ए होतं आणि मॅक्सप्रो 60ए, यावरून अंदाज येईल. आता आकडे फारसे दिसत नाहीत, नावं असतात. मॅक्सिसमध्ये मॅक्सस्पीड टणक आणि पळणारं, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ. श्वाल्बे ही दुसरी कंपनी, तिच्या ॲडिक्स नावाच्या रबरांमध्ये टायरवरची रंगीत पट्टी बघायची, लाल म्हणजे स्पीड, निळी स्पीडग्रिप, केशरी सॉफ्ट, जांभळी अल्ट्रा सॉफ्ट. दुकानात 120 टीपीआय म्हणजे चांगलं रबर असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, टीपीआय हा आतल्या कापडाच्या धाग्यांचा हिशोब आहे, रबराचा त्यात संबंध नाही.

मी एकदा पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात मऊ टायर लावले होते. पहिले दोन महिने उतारावर काय मजा आली सांगू, पण पावसाळा संपेपर्यंत मागच्याचे मधले नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) अर्धे झाले होते आणि पुढचा मात्र जवळजवळ नवाच. कारण साधं आहे, आपलं जास्त वजन मागच्या चाकावर, पेडलचा जोर पण त्याच्यावर आणि ब्रेक दाबून घसरवतो तेही तेच. पण पुढचं चाक सुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही, मागचं सुटलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून पुढे मॅक्सटेरा किंवा केशरी पट्टी, मागे डुअल कंपाउंड (दोन रबरं मिळून केलेला टायर) किंवा निळी, आपल्याकडच्या राइडिंगला माझ्या मते हीच जोडी. मॅक्सग्रिप किंवा जांभळी फक्त त्यांनी घ्यावी जे सायकल गाडीवर टाकून ट्रेलवर नेतात आणि फक्त उतरतात.

पावसाळ्याचं वेगळं. पातालपाणीकडचा ओला, शेवाळलेला काळा दगड, तिथे मऊ रबराचा फरक खरंच जाणवतो. पण माळव्याची काळी माती एकदा ओली झाली की कुठलंच रबर कामाचं नाही, माती नॉबच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. तिथे नॉब लांब लांब असलेला टायर हवा, आणि खरं सांगू का, दोन दिवस कडक ऊन पडेपर्यंत त्या वाटेला जाऊच नका, वाट पण खराब होते.

महागडं रबर घेण्याआधी हवा मात्र नक्की तपासा, कारण 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला मऊ टायरसुद्धा गिट्टीवर उड्याच मारतो. ट्यूबलेस असेल, टायर 2.3-2.4 इंच रुंद आणि तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास, तर पुढे 22-24 आणि मागे 25-27 पासून सुरू करा, ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर रिम दगडावर आपटून पंचर ठरलेलंच.

दुकानात नखाने नॉब दाबून बघा, खूण हळूहळू भरली तर रबर सावकाश उठणारं आहे, झटकन भरली तर पळणारं. वापरातल्या टायरचे नॉब बुडाशी फाटायला लागले किंवा कडा गोल झाल्या की ब्रेकिंग गेलंच समजा, मग पुढचा ठीक असेल तर तो मागे टाकायचा आणि नवा पुढे लावायचा, उलटं कधीच नाही. आणि सायकल गच्चीवर उन्हात ठेवू नका, ऊन रबराला भेगा पाडतं.