मॅकट्विस्ट शिकायचाय? आधी खडू घ्या

आमच्या वाड्यावरच्या स्केटबोर्डच्या रॅम्पवर नवं पोर आलं की पहिल्याच दिवशी विचारतं, "ताई, नाइन हंड्रेड कधी शिकवणार?" मी त्याच्या हातात खडू देते आणि जमिनीवर वर्तुळ काढायला सांगते. भिंत चढताना बोर्डाचं नाक वर असतं, उतरताना ते खाली हवं. म्हणजे १८० अंश नुसते परतण्यातच गेले. त्यावर एक पूर्ण फेरी घातली की ५४०, दोन घातल्या की ९००. ३६० किंवा ७२० घेतलं तर तुम्ही फेकी, म्हणजे उलटे उतरता. हे एकदा उमगलं की आकड्यांचा धाक उरत नाही.

सुरुवात ५४० पासूनच करा. तोच मॅकट्विस्ट. अमेरिकेच्या माइक मॅकगिलनं तो १९८४ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधल्या स्केट शिबिरात बसवला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मारला सगळ्यांसमोर केला. दीड फेरी, तीही अंग उलटं करून. त्याआधी उंच बॅकसाइड एअर, म्हणजे भिंतीकडे पाठ ठेवून हवेत वळणं, आणि पडल्यावर गुडघ्यांच्या पॅडवर घसरत जाणं अंगवळणी पडलेलं हवं. यात घाई नको.

पहिला सराव बोर्डाशिवाय. मी पोरांना ओहोटीच्या वेळी मोरजीच्या किनाऱ्यावर नेते. ओल्या वाळूवर उडी घ्या, मान मागच्या खांद्याकडे वळवा, पुढचा खांदा तिच्यामागून येऊ द्या. मग उतरल्यावर खाली बघा. टाचेचा खळगा खोल असेल तर तुम्ही मागे कललात. रॅम्पवर याच चुकीनं बोर्ड पुढे निसटतो आणि पाठ आपटते. दोन्ही पावलं सारखी उमटेपर्यंत मी कुणाला रॅम्पवर सोडत नाही.

रॅम्पवर कोपिंग, म्हणजे वरच्या काठाचा पाइप, सुटता सुटता पुढच्या हातानं बोर्डाची बोटांकडची कड धरा. सुरुवातीला मुद्दाम गुडघ्यांवरच उतरा. समोरची उतरण दिसेपर्यंत ही पकड, म्हणजे ग्रॅब, सोडू नका. मी एकदा घाबरून पाऊण फेरीतच अंग उघडलं आणि कोपर महिनाभर गळ्यात बांधून फिरले.

आता नाइन हंड्रेड. अमेरिकेच्या टोनी हॉकनं ७२० केलं १९८५ मध्ये, आणि ९०० उतरवलं २७ जून १९९९ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत. वेळ संपली होती, तरी तो पडत होता आणि पुन्हा चढत होता. १८० अंशांसाठी चौदा वर्षं! २०२० मध्ये ब्राझीलच्या गी खुरीनं अकराव्या वर्षी उभ्या रॅम्पवर १०८० केलं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाची अरिसा ट्रू ९०० उतरवणारी पहिली मुलगी ठरली, वय चौदा. तिचा व्हिडिओ मी आमच्या मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते, तिची मान किती आधी वळते ते बघा म्हणून.

जून ते सप्टेंबर रॅम्प बंद ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत प्लायवूड फुगतं, सांध्याची कड वर येते आणि चाक तिथेच अडकतं. पाऊस सरला की सगळ्या सांध्यांवरून आधी तळहात फिरवा, मगच बोर्ड काढा.