गतीचे उदाहरण सोडवण्यापूर्वी: मूळबिंदू, धन दिशा आणि सामाईक वेळ

गतीविषयक तीन समीकरणे नववीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात येतात आणि बहुतेकांची ती पाठही होतात. तरीही अकरावीत गच्चीवरून चेंडू वर फेकण्याचे उदाहरण आले की गुरुत्व त्वरणाला अधिक चिन्ह द्यावे की उणे, येथेच विद्यार्थी अडतो. समीकरणात किमती घालण्यापूर्वी जे ठरवावे लागते ते आपण कागदावर लिहीत नाही, मनातल्या मनात धरून चालतो, आणि उदाहरणाच्या मध्यावर ते नकळत बदलते, हे त्याचे कारण आहे. म्हणून येथे समीकरणांपेक्षा त्याआधीच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

उदाहरण वाचून झाल्यावर सर्वप्रथम एक रेघ काढावी, तिच्यावर शून्य कोठे मानले ते ठिपक्याने दाखवावे आणि धन दिशेचा बाण काढावा. मूळबिंदू कोठेही घेता येतो आणि धन दिशाही कोणतीही चालते. मात्र एकदा निवड केली की उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नये. स्थान, विस्थापन (म्हणजे स्थानात झालेला बदल), वेग आणि त्वरण या चारही राशींची चिन्हे त्या एकाच बाणावरून ठरतात. अंतर आणि चाल (म्हणजे दिशा सोडून वेगाची नुसती किंमत) यांना चिन्ह नसते. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक फेरी मारून धावपटू जेथून निघाला तेथेच परत आला, तर त्याने ४०० मीटर अंतर कापले, पण त्याचे विस्थापन शून्य आहे. समीकरणांत येते ते विस्थापन, हे सतत लक्षात ठेवावे.

त्वरण उणे असले म्हणजे वस्तू मंदावत आहे, हा समज फार खोल रुजलेला असतो आणि तो चुकीचा आहे. वेग आणि त्वरण यांची चिन्हे सारखी असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर घटते. वरची दिशा धन मानली तर खाली पडणाऱ्या दगडाचा वेगही उणे असतो आणि त्वरणही उणे असते, आणि त्याची चाल वाढतच जाते.

आता समीकरणे. ती फक्त स्थिर त्वरणासाठी आहेत:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ
विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²
अंतिम वेग² = सुरुवातीचा वेग² + २ × त्वरण × विस्थापन

यांत एकूण पाच राशी आहेत. तीन दिलेल्या असल्या की उरलेल्या दोन काढता येतात, म्हणून पाचही नावे एकाखाली एक लिहून ज्ञात किमती चिन्हांसह त्यांच्यापुढे मांडाव्यात आणि जी राशी दिलेलीही नाही व विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नसेल ते समीकरण निवडावे. दुसरे समीकरण पाठ करण्यापेक्षा वेग-काल आलेखावरून काढून पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. स्थिर त्वरण असेल तर हा आलेख तिरकी सरळ रेषा असतो आणि तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. खालचा आयत पहिले पद देतो, वरचा त्रिकोण दुसरे, आणि ते ½ कोठून आले हा प्रश्न उरत नाही.

एकमितीय, म्हणजे एकाच सरळ रेषेतील, गतीसाठी ब्रेकचे उदाहरण घेऊ. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा चालक ब्रेक दाबतो आणि त्वरण उणे ५ मीटर प्रति सेकंद² आहे असे समजू. प्रथम एकके सारखी करावीत: किलोमीटर प्रति तास या संख्येला ५/१८ ने गुणले की मीटर प्रति सेकंद मिळतात, म्हणजे येथे २०. मोटार थांबेपर्यंतचे विस्थापन विचारले आहे आणि वेळ दिलेली नाही, म्हणून तिसरे समीकरण घ्यावे. उत्तर येते ४० मीटर. हाच वेग ताशी ३६ किलोमीटर असता तर ते १० मीटर आले असते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, कारण समीकरणात वेगाचा वर्ग आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले तर या अंतरांत अनुक्रमे २० आणि १० मीटरची भर पडते, म्हणजे एकूण ६० आणि २० मीटर. वेगमर्यादेच्या फलकामागचे गणित हे आहे आणि ते प्रत्येक वाहनचालकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे असे मला मनापासून वाटते.

याच उदाहरणात एक सापळा आहे. ब्रेक लागल्यापासून ६ सेकंदांत मोटार किती पुढे जाईल असे विचारले आणि दुसऱ्या समीकरणात सरळ किमती घातल्या, तर १२० उणे ९०, म्हणजे ३० मीटर असे उत्तर येते. मोटार तर ४० मीटरवर जाऊन थांबणार आहे! ती ४ सेकंदांतच थांबते, आणि त्यानंतर ब्रेक तिला मागे ढकलत नाही. समीकरण मात्र उणे त्वरण पुढेही चालूच आहे असे मानून तिला उलट फिरवते. म्हणून मंदनाच्या उदाहरणात वस्तू केव्हा थांबते हे आधी तपासावे. वर फेकलेल्या चेंडूला ही अडचण येत नाही, कारण सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य झाला तरी गुरुत्व त्वरण तसेच टिकून असते आणि चेंडू खरोखरच मागे फिरतो.

तोच चेंडू आता पाहू. गच्चीची उंची १५ मीटर आहे, तिच्या कडेवरून चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तो परत येताना गच्चीला न लागता जमिनीवर पडला. किती वेळ लागला? गुरुत्व त्वरण विषुववृत्तापाशी सुमारे ९.७८ आणि ध्रुवांपाशी सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद² असते, हिशेबाच्या सोयीसाठी १० घेऊ. मूळबिंदू गच्चीवर आणि वरची दिशा धन. मग सुरुवातीचा वेग +१०, त्वरण −१०, आणि चेंडू शेवटी मूळबिंदूच्या खाली असल्यामुळे विस्थापन −१५. चढण्याचा आणि पडण्याचा असे दोन भाग करण्याची गरज नाही, चिन्हे नीट दिली की एकच समीकरण संपूर्ण प्रवास सांभाळते:

−१५ = १० × वेळ − ५ × वेळ²

हे वर्गसमीकरण सोडवले की वेळ ३ किंवा −१ सेकंद अशी दोन उत्तरे येतात. उत्तर अर्थातच ३ सेकंद. उणे उत्तर खोडून पुढे जाण्यापूर्वी त्याकडे क्षणभर पाहावे, कारण त्यालाही अर्थ आहे: चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून २० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला असता, तर तो गच्चीपाशी नेमका १० मीटर प्रति सेकंद वेगाने पोचला असता आणि पुढचा प्रवास तंतोतंत असाच झाला असता. पडताना जमिनीपाशी त्याचा वेग −२० येतो. ही सममिती पडताळ्यासाठी फार उपयोगी पडते.

पडणाऱ्या वस्तूचा अभ्यास गॅलिलिओने उतरत्या फळीवर गोळा सोडून केला. सरळ पडणाऱ्या वस्तूचा वेळ मोजण्याइतके अचूक घड्याळ त्या काळी नव्हते, म्हणून त्याने उताराने गती मंद केली आणि बारीक नळीतून भांड्यात पडलेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. सारख्या कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात येतात, हे त्याला दिसले. आपल्या समीकरणातूनही तेच निघते: पहिल्या सेकंदात ५ मीटर, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५.

त्याच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात द्विमितीय, म्हणजे एकाच वेळी आडव्या व उभ्या दिशेने होणाऱ्या, गतीची किल्लीही आहे. आडवी गती आणि उभी गती एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत. दोहोंत सामाईक असते ती फक्त वेळ. म्हणून द्विमितीय उदाहरण आले की पानावर मधोमध उभी रेघ मारावी, डावीकडे आडव्या दिशेच्या राशी लिहाव्यात, उजवीकडे उभ्या दिशेच्या, आणि एका बाजूची किंमत चुकूनही दुसऱ्या बाजूच्या समीकरणात घालू नये. रेघ ओलांडण्याची मुभा केवळ वेळेला आहे.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहावे. टेबलाच्या कडेवर एक नाणे ठेवून ते टिचकीने आडवे उडवावे आणि त्याच क्षणी तितक्याच उंचीवरून दुसरे नाणे नुसते सोडावे. दोन्ही नाणी जमिनीवर एकदमच वाजतात. यातून घड्याळाशिवाय वेगही मोजता येतो: टेबलाची उंची ०.८ मीटर असेल तर पडण्यास सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि उडवलेले नाणे टेबलाच्या पायथ्यापासून ०.६ मीटरवर पडले असेल तर ते कडेवरून सुटताना त्याचा वेग सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद होता.

वस्तू तिरकी फेकली असेल तर रेघ मारण्यापूर्वी वेगाचे घटक पाडावेत. कोन जमिनीशी मोजलेला असेल तर आडवा घटक कोसाइनने मिळतो, उभा साइनने. क्रिकेटच्या मैदानावर क्षेत्ररक्षकाने २० मीटर प्रति सेकंद वेगाने ३० अंशांच्या कोनात चेंडू फेकला असे धरू, आणि चेंडू सुटण्याची व झेलण्याची उंची सारखी मानू. उभा घटक १०, म्हणून चेंडू १ सेकंद चढतो, १ सेकंद उतरतो. आडवा घटक १७.३, म्हणून २ सेकंदांत ३४.६ मीटर. तोच चेंडू ६० अंशांत फेकला तर घटकांची अदलाबदल होते, चेंडू ३.४६ सेकंद हवेत राहतो आणि पुन्हा ३४.६ मीटरच जातो. पल्ला एकच, पण दुसऱ्या चेंडूला जवळजवळ दीड सेकंद अधिक लागतो, आणि तेवढ्यात फलंदाज धाव पूर्ण करू शकतो. यष्टीकडे चेंडू सपाट फेकावा असे प्रशिक्षक सांगतात ते यासाठीच. ४५ अंशांना पल्ला सर्वाधिक मिळतो हे खरे, पण वस्तू सुटते त्याच पातळीवर पडत असेल तेव्हाच. उंचावरून फेकल्यास सर्वोत्तम कोन ४५ पेक्षा कमी असतो.

खाडी ओलांडणाऱ्या होडीचे गणितही याच रेघेने सुटते. पात्र २०० मीटर रुंद, होडीचा पाण्यातील वेग २ आणि प्रवाहाचा १.५ मीटर प्रति सेकंद असेल, तर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, समोरच्या काठाकडे ठेवल्यास १०० सेकंदांत पैलतीर येतो, मात्र होडी १५० मीटर वाहून जाते. प्रवाहामुळे ओलांडण्याचा वेळ बदलत नाही.

या सर्व हिशेबांत हवेचा अडथळा वगळला आहे आणि तो कोठे वगळता येतो हे उत्तर तपासताना विचारात घ्यावे. नाणे टेबलावरून पडते तेव्हा तो नगण्य असतो. क्रिकेटच्या चेंडूचा खरा पल्ला मात्र हिशेबापेक्षा काहीसा कमीच भरतो. पावसाचा थेंब १००० मीटर उंचीवरून पडत असेल तर तिसऱ्या समीकरणाने त्याचा वेग सुमारे १४० मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात मोठा थेंबही सुमारे ९ मीटर प्रति सेकंद वेगानेच खाली येतो, कारण थोडे अंतर पडताच हवेचा अडथळा त्याच्या वजनाइतका होतो, त्वरण शून्यावर येते आणि स्थिर त्वरणाची अट मोडते.